क्लीनर नसलेल्या गाडीचं लायसन्स

न्हावाशेवा ते चाकण, अकरा वर्षं मी कंटेनर ओढला. बोरघाट झोपेत विचारा, कुठल्या वळणाला कुठला गियर ते सांगेन. पण त्या अकरा वर्षांत खाली उतरून मागचे टायर मी स्वतः कधी बघितले असतील, तर ते पंक्चर झाल्यावरच. ते काम क्लीनरचं. आमच्या शिरवळकडे किन्नर म्हणतात. गाडी निघायच्या आधी पोरगा टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकत जायचा आणि आवाजावरून हवा सांगायचा. गाडी मागे घेताना तो खाली, मी वर. "येऊ दे, येऊ दे, डावी मार... बास!" हाच माझा आरसा.

२०२२ मध्ये कॅनडात आलो. बायको नर्स, तिच्या पीआरबरोबर (कायम राहायच्या परवान्याबरोबर) माझा पीआर झाला. ब्रॅम्प्टनला बिऱ्हाड केलं आणि वाटलं, आपल्याला काय, ट्रकचं लायसन्स महिन्याभरात हातात. प्रत्यक्षात अकरा महिने लागले, आणि मधे एकदा नापास झालो. इथली ट्रकची परीक्षा ड्रायव्हरची कमी आणि क्लीनरची जास्त आहे, हे कळायला मला तेवढा वेळ लागला. तुम्हाला लागू नये म्हणून लिहितोय. हे सगळं ओंटारिओचं आहे. दुसऱ्या प्रांतात जाणार असाल तर तास आणि फॉर्म बदलतील, पण शिकायच्या गोष्टी बऱ्याचशा याच.

निघायच्या आधी, गावातच

इथे लायसन्सचे वर्ग अक्षरांनी ओळखतात. कार म्हणजे जी. ट्रेलर नसलेला मोठा ट्रक म्हणजे डी. आपला घोडा, म्हणजे ओढणारं इंजिनाचं तोंड, आणि मागे ट्रेलर म्हणजे ए. एअर ब्रेकची परवानगी वेगळी, ती झेड. नोकरीच्या जाहिरातीत ‘एझेड ड्रायव्हर पाहिजे’ असतं, ते हेच.

आता कडू भाग. भारतातल्या हेवी लायसन्सचा एझेडसाठी काहीही उपयोग नाही. भारताचा आणि ओंटारिओचा लायसन्स बदलून द्यायचा करार नाही, त्यामुळे अकरा वर्षांचा ट्रेलर कागदावर शून्य. उपयोग होतो तो फक्त कारच्या पायरीवर. नवख्या माणसाला जी पर्यंत पोचायला जी-वन, जी-टू असे टप्पे आणि मधे महिनोन्‌महिने थांबावं लागतं. तुमचा परदेशातला अनुभव दोन वर्षांचा असेल आणि तो सिद्ध करता आला, तर लेखी परीक्षेनंतर थेट जी ची रोड टेस्ट देता येते. आणि पूर्ण जी हातात असल्याशिवाय ए ला हातही लावू देत नाहीत.

सिद्ध करायचं म्हणजे पत्र पाहिजे. तुमच्या तोंडी सांगण्यावर किंवा नुसतं कार्ड दाखवून पूर्ण दोन वर्षं धरत नाहीत. आरटीओकडून लायसन्सचं एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा उतारा, काढा, त्यावर लायसन्स कधी दिलं आणि कुठल्या वर्गाचं ते स्पष्ट असू दे, आणि त्याच्या जोरावर इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं पत्र घ्या. हे गावात असतानाच सुरू करा. इथून भावाला आरटीओत हेलपाटे घालायला लावणं म्हणजे त्याच्या चार रजा आणि तुमच्या चार शिव्या.

अनुभव गेल्या तीन वर्षांतला धरतात, हे फार जणांना माहीत नसतं. इथे येऊन आधी गोदामात दोन वर्षं काढू, मग निवांत लायसन्स बघू, असं म्हणणारे माझ्या ओळखीतच तिघे आहेत. तिघांचाही अनुभव वाया गेला.

नावाचंही बघून घ्या. माझ्या जुन्या लायसन्सवर आडनाव आधी होतं आणि वडिलांचं नाव नुसत्या अक्षरात. पासपोर्टवर सगळं पूर्ण आणि उलट क्रमाने. खिडकीतल्या बाईंना हे दोघे एकच, हे पटवायला मला दोन फेऱ्या लागल्या. तिच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

आधी कार

आल्यापासून ६० दिवस भारताच्या लायसन्सवर इथे कार चालवता येते. नंतर नाही. ड्राइव्हटेस्टच्या, म्हणजे लायसन्सच्या परीक्षांच्या, केंद्रात जाऊन डोळे तपासायचे आणि लेखी द्यायची. ४० प्रश्न, २० नियमांचे, २० खुणांचे, आणि दोन्हीकडे वेगवेगळे किमान १६ बरोबर पाहिजेत. एकीकडे २० आणि दुसरीकडे १५ असेल तर नापास. पुस्तिका दोनदा वाचली की होतं.

रोड टेस्टला मात्र आपले जुने ड्रायव्हर आपटतात. कारण एकच: मान. आपण आरशात बघतो, डोळे फिरवतो आणि लेन बदलतो. इथे खांद्यावरून मागे मान वळवून बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. तुम्ही बघितलं असेल, पण त्याला दिसलं नाही तर बघितलं नाहीच. मी एका बाईंकडून चार तास शिकवणी घेतली. मान वळवली नाही की त्या डॅशबोर्डवर पेन आपटायच्या. चौथ्या तासाला मान आपोआप फिरायला लागली.

बाकी दोन गोष्टी हाडात भिनवा. स्टॉपच्या पाटीला गाडी पूर्ण थांबली पाहिजे, चाक फिरणं बंद. आणि स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागून येणाऱ्यांनीच नाही, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं, मधे दुभाजक असेल तरच सवलत. आपल्याकडे शाळेची बस थांबली की उजवीकडून काढायची सवय आहे. ती इथे फार महाग पडते.

मेडिकल, लेखी आणि शाळा

जी मिळाली की डॉक्टरकडून मेडिकल फॉर्म भरून घ्या. हेल्थ कार्डावर हे होत नाही, खिशातून पैसे जातात आणि प्रत्येक डॉक्टरचा दर वेगळा, म्हणून आधी फोन करून विचारा. दोन्ही डोळ्यांनी मिळून २०/३० दिसलं पाहिजे, चष्म्यासह चालतं. वय ४६ च्या आत असेल तर हे मेडिकल दर पाच वर्षांनी, ४६ ते ६४ दर तीन वर्षांनी, पुढे दर वर्षी. शुगर, बीपी लपवू नका. गोळ्या चालू आहेत आणि आटोक्यात आहे हे सांगणं कितीतरी सोपं.

मग ट्रकची आणि एअर ब्रेकची लेखी. सरकारच्या दोन वेगळ्या पुस्तिका आहेत, एक ट्रकची आणि एक एअर ब्रेकची. दुसरी नीट वाचा, पुढे टेस्टला गाडीजवळ तीच तोंडी विचारतात.

आणि मग पैशांचं काम. १ जुलै २०१७ पासून ओंटारिओत ए वर्गासाठी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्याला मेल्ट म्हणतात. त्यात ३६.५ तास वर्गात, १७ तास यार्डात गाडीभोवती, ५० तास गाडीत. हे झाल्याची नोंद शाळेने सरकारी यंत्रणेत केल्याशिवाय रोड टेस्टला बसता येत नाही. मला सगळं मिळून ७ हजार ८०० डॉलर पडले. स्वस्तातल्याही शाळा आहेत. त्यातल्या एकीत मी आधी ५०० डॉलर भरून बसलो होतो. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात बोलावून एका कागदावर सही करायला सांगितली. त्यावर मी न चालवलेले वीस तास चालवल्याचे लिहिले होते. "पाजी, आप तो पुराने ड्रायव्हर हो, आपको क्या जरूरत है?" मलाही क्षणभर पटलं, खोटं का बोलू. पण सही केली असती तर मागे घ्यायला मी कधीच शिकलो नसतो. ५०० बुडाले.

म्हणून शाळा निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका. नोंदणीकृत करिअर कॉलेज आहे का ते सरकारी यादीत बघा, कारण मेल्टचे तास नोंदवायचा अधिकार सगळ्या शाळांना नसतो. मग सकाळी सात वाजता त्यांच्या यार्डात जाऊन उभे राहा. एका ट्रकमागे किती विद्यार्थी आहेत ते मोजा. गाडीतले ५० तास म्हणजे तुम्ही स्टेअरिंगवर, की मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं बघत, ते सरळ विचारा. जुन्या विद्यार्थ्याला चहा पाजा, तो सगळं सांगतो.

गियरचं आधीच ठरवा. ऑटोमॅटिक ट्रकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर तशी अट पडते आणि मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही. आता बहुतेक नव्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत, त्यामुळे काही अडत नाही असं लोक म्हणतात. मी मॅन्युअलवर दिली. पहिली नोकरी छोट्या मालकाकडे मिळाली आणि त्याच्या दोन्ही गाड्या जुन्या होत्या. पण एक लक्षात घ्या. इथल्या १३ आणि १८ गियरच्या पेट्या आपल्या टाटा-लेलँडसारख्या नाहीत. क्लच दोनदा दाबायचा, मधे आरपीएम जुळवायचा, नाहीतर दात कडाकडा वाजतात. अकरा वर्षांच्या ड्रायव्हरचा तिथे पहिल्या दिवशी पार पालापाचोळा झाला. शेजारी एकवीस वर्षांची मुलगी होती, आयुष्यात ट्रकमध्ये बसली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती माझ्यापेक्षा बरं टाकत होती, कारण तिच्या पायाला विसरायचं काहीच नव्हतं.

उलटी झालेली बाजू

भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून गाडी मागे घेताना आपण ट्रेलर उजवीकडे वळवतो, खिडकीतून डोकं काढलं की ट्रेलरची शेपटी दिसते. डावी बाजू आंधळी, तिकडे क्लीनर. इथे बसायचं डावीकडे, म्हणजे सोयीची बाजू डावी आणि आंधळी उजवी. हे एका वाक्यात कळतं, पण हाताला कळायला मला तीन आठवडे लागले. हात उजवीकडे धावायचे आणि ५३ फुटी ट्रेलर माझ्या नजरेआडच्या बाजूला जाऊन यार्डातल्या प्लॅस्टिकच्या शंकूंवर चढायचा.

रस्त्यावरही तेच. आपल्याकडे डावं वळण चिंचोळं, कोपऱ्याला खेटून. इथे उजवं वळण चिंचोळं. घोडा वळतो, पण ट्रेलरची मागची चाकं आतून कापत येतात. चौकात पुरेसं पुढे जाऊन मगच वळायचं आणि नजर उजव्या आरशातल्या मागच्या चाकांवर खिळलेली ठेवायची. माझी पहिली टेस्ट तिथेच गेली. उजव्या वळणाला ट्रेलरचं शेवटचं चाक फुटपाथच्या कडेवर चढून उतरलं. जेमतेम हातभर. परीक्षक काही बोलला नाही, फक्त काहीतरी लिहिलं. पुढचे चाळीस मिनिटं मी उत्तम गाडी चालवली, पण निकाल त्या हातभर कडेवरच लागला होता.

मागे घेण्याचा एकच मंत्र मला लागू पडला: शंका आली की थांबा, ब्रेक लावा, खाली उतरा, चालत मागे जा, बघा, परत वर चढा. टेस्टमध्येही उतरून बघायला मनाई नाही. आपल्या लोकांना उतरायची लाज वाटते. मलाही वाटायची. मागे क्लीनर उभा नाही, हे एकदा मान्य केलं की लाज जाते.

गाडीभोवतीची फेरी

टेस्टमधला हा भाग आपल्या लोकांना किरकोळ वाटतो, आणि मार्क इथेच जातात. गाडीभोवती फिरत एकेक गोष्ट हाताने दाखवायची, तोंडाने सांगायची. दिवे, टायर, नटांभोवती गंजाची रेघ आहे का, स्प्रिंगची पाती, हवेचे पाइप, गळती. फिफ्थ व्हीलचा (घोड्यावरच्या जोडणीच्या ताटलीचा) जबडा किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरच्या खिळीभोवती, पूर्ण मिटला आहे का ते टॉर्च लावून बघायचं. ट्रेलर जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे ओढून बघायचा, सुटत नाही ना. त्यानंतरच लँडिंग गियर, म्हणजे ट्रेलरचे टेकायचे पाय, पूर्ण वर.

एअर ब्रेक तोंडपाठ पाहिजे. चाकाखाली ठोकळे लावा. इंजिन चालू ठेवून हवा भरू द्या. साधारण १२० ते १३५ पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं माप) कॉम्प्रेसर भरायचा थांबतो, तो आकडा मोठ्याने सांगा. मग इंजिन बंद, किल्ली चालू, पार्किंग ब्रेक सोडून पायातला ब्रेक दाबून धरा. घोडा-ट्रेलर असेल तर एका मिनिटात ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरता कामा नये. मग ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत हवा उतरवा आणि ५५ पीएसआयच्या खाली जायच्या आत धोक्याचा दिवा किंवा बझर लागतो का बघा. नुसतं करू नका, बोला. मुकाट्याने केलेलं धरत नाहीत. मी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती फिरून हे म्हणायचो. मुलगी शाळेत जाऊन म्हणाली, बाबा टेबलाचे टायर बघतात.

लायसन्स मिळाल्यावरही हे सुटत नाही. रोजची तपासणी कायद्याने लेखी ठेवावी लागते, ती २४ तासच चालते आणि मोठा दोष सापडला तर गाडी जागेवरून हलवायची नाही. मालक काहीही म्हणो.

हे इतकं ताणून का सांगतोय? ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवान प्रांतात हम्बोल्टच्या हॉकी संघाच्या बसची एका ट्रकशी धडक झाली. १६ जण गेले, बहुतेक पोरं. ट्रकचालक आपल्यासारखाच भारतातून आलेला, तरुण, कामाला लागून काही आठवडेच झालेले. स्टॉपच्या पाटीला तो थांबला नाही. कोर्टात जे पुढे आलं त्यात एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: मागच्या मालावरची ताडपत्री फडफडत होती, आणि त्याचं लक्ष आरशात त्या ताडपत्रीकडे होतं. आपल्याकडे ताडपत्री सुटली तर क्लीनर बघतो, ओरडतो, गाडी बाजूला घ्यायला लावतो. तो एकटा होता. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर २०१९ मध्ये सस्कॅचवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबानेही असं प्रशिक्षण सक्तीचं केलं. ताडपत्री सुटली तर आधी सुरक्षित जागी थांबा. माल उशिरा पोचू दे.

लायसन्स हातात आल्यावर

नोकरी लगेच मिळत नाही. बहुतेक कंपन्या दोन वर्षांचा कॅनडातला अनुभव मागतात, कारण त्यांचा विमावाला मागतो. भारतातला अनुभव इथेही कोणी धरत नाही. मोठ्या कंपन्यांपैकी काही नवख्यांना घेऊन जुन्या ड्रायव्हरसोबत काही आठवडे पाठवतात. पगार कमी असला तरी तिथे आधी अर्ज करा. मला छोट्या मालकाकडे शहरातल्या शहरात माल पोचवायचं काम मिळालं, आणि त्या अरुंद गोदामांनी मला शाळेपेक्षा जास्त शिकवलं.

दोन सापळे. एक, ‘स्वतःच्या नावाने कंपनी काढ, आम्ही चेक देतो, टॅक्स कापत नाही’. याला इथे ‘ड्रायव्हर इन्क’ म्हणतात. ट्रक त्यांचा, वेळ त्यांची, कामगार तुम्हीच, पण कागदावर तुम्ही व्यापारी. मग सुट्टीचा पगार नाही, बेकारी विमा नाही, आणि चेक अडकला तर दाद मागायला गेल्यावर सांगतात, हा तर कंत्राटदार. पगार पेरोलवर आणि वर्षाअखेरीस टी-फोर, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, एवढं मागा. दुसरा, भारतात बसलेल्यांसाठी: नोकरीचं पत्र आणि एलएमआयए (परदेशी कामगार घ्यायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) विकत देतो म्हणणारे. तो अर्ज मालकाने करायचा असतो आणि त्याचे पैसे कामगाराकडून घेणं बेकायदा आहे. शेत विकून कोणालाही वीस-पंचवीस लाख देऊ नका.

तासांचं गणित आपल्याकडच्यापेक्षा कडक आहे. दिवसाला जास्तीत जास्त १३ तास चालवणं, काम धरून १४, आणि मधे १० तास सुट्टी. गाडीतलं यंत्र हे आपोआप नोंदवतं, त्यामुळे खाडाखोड नाही. ट्रकचा वेग ताशी १०५ किलोमीटरला बांधलेला असतो. आणि ट्रक चालवताना दारूचं प्रमाण शून्य. आदल्या रात्रीची उतरली का याचा अंदाज बांधू नका.

पहिला हिवाळा शहरातच काढा. उत्तरेचे ११ आणि १७ नंबरचे हायवे बऱ्याच ठिकाणी दोनच लेनचे आहेत. समोरून येणारा ट्रक बर्फाचा ढग घेऊन येतो, दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज काढा, नाहीतर उणे तिसात ते पाइपात गोठतं आणि ब्रेक सुटत नाहीत. घाटात तापलेले ब्रेक मला माहीत होते. गोठलेले ब्रेक इथे पहिल्यांदा बघितले.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर टायर ठोकायचा लाकडी दांडका मिळतो, आपल्या टॉमीचाच भाऊ. तो घ्याच, पण सोबत प्रेशर गेजही घ्या. जोडीच्या चाकांतलं आतलं चाक आवाजावरून सांगणारा कान माझ्या क्लीनरचा होता, माझा अजून तयार व्हायचाय.